एका मिनिटाची ‘क्वांटम’ तपासणी आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन

गावात शिबिर लागते. जागा शाळेची खोली असते, पतसंस्थेचा हॉल असतो, नाहीतर एखादे मंगल कार्यालय. टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली वहीएवढी पेटी आणि त्या पेटीतून निघालेली चकचकीत धातूची दांडी. नाव, वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष एवढे आधी विचारून लॅपटॉपमध्ये भरले जाते. मग सूचना मिळते, “मावशी, ही दांडी घट्ट धरा. मिनिटभर बोलू नका.” पडद्यावर रंगीत रेघा धावतात आणि थोड्याच वेळात तीस-चाळीस पानांची फाइल हातात पडते. हृदय, यकृत, किडनी, हाडांतले कॅल्शियम, रक्तातली साखर, जीवनसत्त्वे, ॲलर्जी, स्त्रियांचे आजार. प्रत्येकापुढे आकडा आणि त्यापुढे हिरवी, पिवळी किंवा लाल खूण. सुई नाही, रक्त नाही, उपाशीपोटी येण्याची अट नाही. तपासणी बहुधा फुकट किंवा नाममात्र शुल्कात होते. पैसे लागतात ते पुढे, लाल खुणा पुसण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डब्यांना आणि बाटल्यांना.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात या शिबिरांना गर्दी का होते, हे समजायला अवघड नाही. परंडा, भूम किंवा लोहाऱ्याच्या आतल्या गावातून एखाद्या मोठ्या तपासणीसाठी सोलापूर, लातूर किंवा बार्शी गाठायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते, गाडीभाडे जाते आणि बरोबर घरातला एक माणूस अडकतो. तेच काम गावातच, खुर्चीवर बसल्या बसल्या होत असेल तर नाही कोण म्हणेल? त्यात पेटीवर आणि फाइलवर ‘क्वांटम’ आणि ‘मॅग्नेटिक रेझोनन्स’ असे शब्द असतात. मॅग्नेटिक रेझोनन्स म्हणजे एमआरआय, हे आता खेड्यातही माहीत झाले आहे. हजारो रुपयांचा एमआरआय हातात धरायच्या दांडीत मावला असेल, असे वाटून जाते.

सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत अशी फाइल घेऊन येणारे लोक दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारचा माणूस घाबरलेला असतो. फाइलमध्ये हृदयापुढे लाल खूण आहे, म्हणून त्याची झोप उडालेली असते. त्याचा ईसीजी काढून, बीपी मोजून, समजूत घालून त्याला घरी पाठवता येते. दुसऱ्या प्रकारचा माणूस निर्धास्त असतो आणि खरी काळजी त्याचीच. साखरेपुढे हिरवी खूण आली म्हणून त्याने मधुमेहाच्या गोळ्या बंद केलेल्या असतात. तो महिनोन्महिने येत नाही, आणि येतो तेव्हा पायाला जखम झालेली असते किंवा नजर अंधुक झालेली असते.

या यंत्रांच्या माहितीपत्रकांत साधारण एकच मजकूर असतो. शरीर पेशींचे, पेशी अणूंच्या, अणूत केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन फिरतात, ते स्वतःभोवतीही फिरतात, फिरणाऱ्या विद्युतभारामुळे चुंबकत्व निर्माण होते, आजार झाला की इलेक्ट्रॉनचे हे फिरणे बिघडते, त्यातून निघणाऱ्या चुंबकीय लहरी बदलतात आणि यंत्र त्या पकडते. मजकूर लिहिणारा हुशार आहे. सुरुवातीची वाक्ये शाळेच्या पुस्तकातली आहेत, त्यामुळे वाचणारा मान डोलावत जातो आणि शेवटच्या तीन वाक्यांवरही तशीच मान डोलावतो. आता तर ‘क्वांटम’ या शब्दाला सरकारी वजनही आले आहे. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. त्या मिशनचा आणि या दांडीचा काडीचा संबंध नाही, पण शब्द एकच आहे, आणि बाजाराला शब्द पुरतो.

म्हणून माहितीपत्रक जिथून सुरू होते तिथूनच सुरुवात केलेली बरी. इलेक्ट्रॉनला चुंबकत्व असते, हे खरे आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक अतिसूक्ष्म चुंबक आहे. त्याच्या या बळाला भौतिकशास्त्रात चुंबकीय परिबल म्हणतात, आणि ज्या गुणामुळे ते त्याच्याकडे असते त्याला स्पिन. प्रश्न असा, की हा गुण येतो कुठून?

फेब्रुवारी १९२२ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात ओटो स्टर्न आणि वॉल्थर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत एका खास आकाराच्या चुंबकातून सोडला. अणू हे वेड्यावाकड्या दिशांना तोंड केलेले छोटे चुंबक असतील तर समोरच्या काचेवर चांदीचा पसरट डाग पडायला हवा होता. प्रत्यक्षात झोत दोन भागांत फाटला. मधले काही नाही, एक वर आणि एक खाली. गंमत अशी की हे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे काम आहे, हे त्या दोघांनाही तेव्हा कळले नव्हते, कारण स्पिनची कल्पनाच अजून कोणी मांडलेली नव्हती.

ती मांडली गेली १९२५ मध्ये, नेदरलँड्समधल्या लायडनला. जॉर्ज उलेनबेक आणि सॅम्युअल गाउडस्मिट या पंचविशीतल्या दोन तरुणांनी सुचवले की इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत असावा. त्याच वर्षी काही महिने आधी राल्फ क्रोनिग या दुसऱ्या तरुणाला हेच सुचले होते, पण वुल्फगांग पाउलीने ते उडवून लावल्यामुळे त्याने छापलेच नाही. उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनाही लवकरच घाम फुटला. ज्येष्ठ शास्त्रज्ञ लोरेन्ट्झ यांनी हिशेब करून दाखवला, की इलेक्ट्रॉन खरोखरच फिरणारा गोळा असेल तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त भरतो, आणि ते अशक्य आहे. दोघे लेख मागे घ्यायला निघाले, पण त्यांचे शिक्षक एरेनफेस्ट यांनी तो आधीच पाठवून दिला होता. विज्ञानातला एक मोठा शोध टपालात पडल्यामुळे वाचला!

पुढे पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये क्वांटम सिद्धांत आणि आइन्स्टाइनची सापेक्षता यांना एकत्र बांधणारे समीकरण लिहिले. त्यात स्पिन कोणी बाहेरून घातला नव्हता. समीकरण मांडले आणि स्पिन त्यातून आपोआप निघाला, बरोबर तेवढ्याच चुंबकीय बळासह. तेव्हापासून भौतिकशास्त्राचे उत्तर असे आहे की इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरतो म्हणून चुंबक झालेला नाही. त्याचा विद्युतभार जसा जन्मजात, वस्तुमान जसे जन्मजात, तसाच स्पिनही. ज्यांना चित्राशिवाय चैन पडत नाही त्यांच्यासाठी एक चित्र आहे. इलेक्ट्रॉनला गोळी न समजता लहर समजले, तर त्या लहरीत ऊर्जेचा एक गोलाकार प्रवाह असतो आणि स्पिन हा त्या प्रवाहाचा हिशेब मानता येतो. १९३९ मध्ये बेलिनफांते या शास्त्रज्ञाने तो हिशेब करून दाखवला होता. पण त्यातही भोवरा नाही, आणि थांबणारे, मंदावणारे, आजारी पडणारे तर काहीच नाही.

माहितीपत्रकाचा डोलारा इथेच ढासळतो. इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे माप बदलत नाही. त्याची दिशा बदलते, वर किंवा खाली, पण बळ तेच राहते. हे बळ माणसाने मोजलेल्या सगळ्यात अचूक गोष्टींपैकी एक आहे. डिरॅकच्या समीकरणाप्रमाणे त्याच्याशी निगडित एक आकडा नेमका २ यायला हवा. प्रत्यक्षात तो २.००२३१९… असा येतो, आणि हा बारीकसा फरक कशामुळे, याचा हिशेब ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये दिला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एकच इलेक्ट्रॉन पकडून, निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड करून हा आकडा मोजला गेला, तो दशांश चिन्हानंतर बारा आकड्यांच्या पुढे. मधुमेह असलेल्या माणसाच्या बोटातला इलेक्ट्रॉन, धडधाकट पैलवानाच्या दंडातला इलेक्ट्रॉन आणि त्या प्रयोगशाळेतला इलेक्ट्रॉन यांच्यात यत्किंचितही फरक नसतो. तसा फरक कोणाला सापडला तर त्याने गावोगाव शिबिरे घेण्याची गरज नाही, त्याचे नोबेल पारितोषिक ठरलेले आहे.

मग सगळीच वस्तू चुंबक का होत नाही? कारण इलेक्ट्रॉन बहुतेक ठिकाणी जोडीने राहतात, एकाचा स्पिन वर, दुसऱ्याचा खाली. दोघांचे बळ एकमेकांना खाऊन टाकते. जिथे इलेक्ट्रॉन एकटे उरतात आणि शेजारच्या एकट्यांशी एका दिशेत उभे राहतात, तिथे चुंबकत्व बाहेर दिसते. याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. नळदुर्गचा किल्ला ज्या काळ्या दगडात बांधला तो बेसॉल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना त्या कणांतले इलेक्ट्रॉन त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला लागले आणि तसेच गोठून राहिले. १९५० आणि ६० च्या दशकांत ब्रिटिश संशोधकांनी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांतले हे चुंबकत्व मोजले. त्यातून दिसले की हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

माणसाच्या शरीरात असा दगड नाही. शरीराचा मोठा भाग पाणी, आणि पाण्यातले इलेक्ट्रॉन जोडीने राहणारे. त्यामुळे शरीर चुंबकाकडे ओढले जात नाही, उलट अगदी किंचित दूर ढकलले जाते. १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये एका जिवंत बेडकाला प्रचंड ताकदीच्या चुंबकात ठेवून हवेत तरंगत ठेवले होते, ते याच गुणामुळे. चुंबकाचे कडे मनगटात घातले की रक्तातले लोह ओढले जाऊन रक्ताभिसरण सुधारते, असा प्रचार होतो. रक्तातले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे नसते. ते हिमोग्लोबिनच्या रेणूत एकेका अणूच्या रूपात बांधलेले असते. तसे असते तर एमआरआयच्या यंत्रात झोपलेल्या प्रत्येक रुग्णाचे रक्त एका बाजूला गोळा झाले असते.

हिमोग्लोबिनची गोष्ट मात्र इलेक्ट्रॉनच्या स्पिनची खरी वैद्यकीय गोष्ट आहे. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवले, की ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनमधले सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असतात, तर ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनच्या प्रत्येक लोह-अणूपाशी चार इलेक्ट्रॉन एकटे असतात. म्हणजे शुद्ध आणि अशुद्ध रक्ताचा चुंबकीय गुण वेगळा. अर्धांगवायूच्या रुग्णाच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे का आणि तो किती जुना असावा, याचा अंदाज एमआरआयच्या चित्रावरून येतो, तो रक्त जुने होत जाताना बदलणाऱ्या याच गुणामुळे. एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. त्याच्या अणूत सात एकटे इलेक्ट्रॉन आहेत. ते सात मिळून आजूबाजूच्या पाण्यावर असा परिणाम करतात की गाठ चित्रात उजळून दिसते. किडनी फार निकामी झालेल्या रुग्णांना यातली काही औषधे धोक्याची ठरू शकतात हे २००६ च्या सुमारास लक्षात आले. म्हणून किडनीचा आजार असेल तर एमआरआयच्या आधी सांगायला हवे. इलेक्ट्रॉनचा खराखुरा स्पिन वापरला की त्याला फायदा असतो आणि धोकाही असतो. दांडीला धोका नाही असे छापलेले असते. खरेच आहे. ती काही करतच नाही.

आता मोजण्याचा प्रश्न. समजा शरीरातून काहीतरी चुंबकीय निघतेच आहे. ते हॉलमध्ये, पंख्याखाली, लॅपटॉपच्या शेजारी, मोबाइल खिशात ठेवून मोजता येईल का? महाराष्ट्रात याचा जुना दाखला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे ही मोजमापे बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवण्यात आले, आणि ते आजही तिथे चालते. पृथ्वीचे क्षेत्र मोजताना ट्रामचा एवढा धाक. धडधडणाऱ्या हृदयाचे चुंबकीय क्षेत्र तर पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षाही काही लाख पटींनी क्षीण असते आणि मेंदूचे त्याहून कितीतरी क्षीण. तेही इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे निर्माण झालेले नसते, तर स्नायू आणि मज्जातंतूंतल्या विद्युत प्रवाहांमुळे. ते मोजायला द्रव हेलियमने थंड केलेले स्क्विड नावाचे संवेदक आणि जाड धातूच्या भिंतींची बंदिस्त खोली लागते. भारतात कल्पाक्कमच्या अणुसंशोधन केंद्राने अशी व्यवस्था उभी केली आहे. हातातल्या दांडीतून फार तर कातडीचा विद्युतरोध मोजता येईल. तो घामाने बदलतो, मूठ आवळल्याने बदलतो.

एमआरआय काय करतो, तेही पाहिले पाहिजे, कारण नाव त्याचेच उसने घेतले आहे. एमआरआय इलेक्ट्रॉनचा नव्हे, तर पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकाचा, म्हणजे प्रोटॉनचा स्पिन ऐकतो. प्रोटॉनचे चुंबकीय बळ इलेक्ट्रॉनच्या तुलनेत सुमारे ६५८ पटींनी कमी. म्हणून दीड टेस्लाचा चुंबक लागतो, आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या पस्तीस हजार पट. एवढ्या बळाच्या चुंबकातही दहा लाख प्रोटॉनांमागे जेमतेम पाच जादा प्रोटॉन चुंबकाच्या दिशेने झुकतात, आणि सगळे चित्र त्या पाचांच्या कुजबुजीतून तयार होते. ती ऐकू यावी म्हणून खोलीला तांब्याच्या पत्र्याचे अस्तर देऊन बाहेरच्या रेडिओलहरी अडवतात. केंद्रकांचा हा आवाज १९४६ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांनी पहिल्यांदा ऐकला. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये अल्कोहोलच्या रेणूतल्या तीन प्रकारच्या हायड्रोजनचे वेगवेगळे सूर दाखवणाऱ्या तिघांत एस. एस. धर्मट्टी हे भारतीय होते. मुंबईला परतून त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची प्रयोगशाळा उभारली. शरीराच्या चित्रासाठी मात्र आणखी दोन दशके जावी लागली. लॉटरबर यांचे पहिले चित्र १९७३ चे, आणि ते पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे होते.

आणि एवढे सगळे करूनही नेहमीचा एमआरआय रक्तातली साखर सांगत नाही, जीवनसत्त्वे सांगत नाही, ॲलर्जी सांगत नाही. हजारो किलोंचे यंत्र जे करत नाही ते दांडी करते, हा दावा ऐकताना तेवढे तरी आठवावे.

खरा चुंबक स्वतःची ओळख लपवत नाही. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला एक ३२ वर्षांचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसह त्याला ओढून घेतले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ गळ्यात व्यायामाची जड लोखंडी साखळी घातलेला माणूस याच प्रकारे दगावला. एमआरआयचा चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतो, हे रुग्णांच्या नातेवाइकांना अजून पुरेसे सांगितले जात नाही. दाराशी पाटी असते, पण घाबरलेल्या माणसाला पाटी वाचता येत नाही. तिथे दारातच कोणीतरी उभे असायला हवे.

यंत्र चालते की नाही हे ओळखायचे कसे, याचे सगळ्यात चांगले उदाहरण धाराशिव जिल्ह्यानेच जगाला दिले आहे, आणि ते जिल्ह्यातच फार थोड्यांना माहीत आहे. १९९९ पासून पुढे, जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद असताना, इथल्या गावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया त्यात होत्या. कोणत्या गटात कोणती तपासणी करायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी, आणि काही गटांत तपासणी नाही. मग आठ वर्षे वाट पाहिली. तपासणी न झालेल्या ३१ हजारांहून अधिक स्त्रियांत कर्करोगाने ६४ मृत्यू झाले आणि एचपीव्ही तपासणीच्या ३४ हजारांहून अधिक स्त्रियांत ३४. पुढच्या टप्प्यात गेलेला कर्करोग पहिल्या गटात ८२ जणींना, दुसऱ्यात ३९ जणींना. उरलेल्या दोन तपासण्यांनी मृत्यूंत ठळक घट दाखवली नाही, आणि तेही लपवले गेले नाही. एप्रिल २००९ मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. नियंत्रण गटातल्या स्त्रियांची तपासणी न करणे योग्य होते का, यावर पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण एखाद्या तपासणीने माणसे वाचतात असे म्हणायचे असेल तर काय करावे लागते, ते या जिल्ह्यातल्या बायकांनी करून दाखवले. परक्या माणसांसमोर संकोच बाजूला ठेवून त्या तपासणीला आल्या, आणि त्यांच्या आकड्यांवर आज अनेक देशांत एचपीव्ही तपासणीचे धोरण उभे आहे.

देशी एमआरआयच्या बाबतीतही तेच. मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेले दीड टेस्लाचे यंत्र रुग्णांवरील चाचणीसाठी दिल्लीच्या एम्सला देण्याचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. पन्नास वर्षे जुने आणि सर्वमान्य तंत्र, तरी नवे यंत्र आले की आधी चाचणी. दांडीच्या पेटीमागे असे काय आहे? चीनमधून किंवा कुठूनही आणलेल्या पेटीवर नवे स्टिकर, एवढेच बहुतेक वेळा हाती लागते.

कायदा याबाबत मुका नाही. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. त्याच्या यादीत मधुमेह आणि कर्करोग आहेत, आणि त्या आजारांवरील उपचाराच्याच नव्हे तर निदानाच्या जाहिरातीलाही बंदी आहे. शिवाय १ एप्रिल २०२० पासून निदानासाठी वापरले जाणारे प्रत्येक उपकरण, अगदी त्यातले सॉफ्टवेअरसुद्धा, औषधांच्या कायद्याखाली आले आहे. विकणाऱ्याकडे त्याचा परवाना असायला हवा. शिबिरात तो क्रमांक विचारणे हा गावकऱ्यांचा हक्क आहे आणि शिबिराला जागा देणाऱ्या ग्रामपंचायतीचे, शाळेचे, पतसंस्थेचे ते कामच आहे. दुर्दैवाने शिबिराच्या फलकावर अनेकदा गावातल्याच मान्यवरांचे फोटो असतात. मान्यवरांनी भले करण्याच्या हेतूनेच जागा दिलेली असते, पण त्यांच्या फोटोमुळे दांडीला जी पत येते ती कोणत्याही माहितीपत्रकाने येत नाही.

ज्यांना स्वतःच खातरजमा करायची आहे त्यांच्यासाठी एक सोपा मार्ग आहे. एकदा खरे वय आणि वजन सांगून दांडी धरावी. तासाभराने दुसऱ्या नावाने, वय वीस वर्षांनी वाढवून आणि वजन बदलून पुन्हा धरावी. हात तोच, इलेक्ट्रॉन तेच. दोन्ही फाइली घरी आणून शेजारी शेजारी ठेवाव्यात. त्या दिवशी उपाशीपोटी रक्त देऊन साखर तपासली असेल तर तिसरा कागद म्हणून तोही ठेवावा.

तो तिसरा कागद महाग नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर तपासली जाते, आणि सरकारी दवाखान्यांत दिलेले रक्त ‘महालॅब’मार्फत विनामूल्य तपासून मिळते. हिमोग्लोबिन, साखर, किडनी, थायरॉइड यांसाठी सोलापूर गाठावे लागत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचारही १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. अडचण आहे ती रिपोर्ट उशिरा मिळण्याची, केंद्रावर डॉक्टर जागेवर नसण्याची आणि रांगेची. शिबिरवाल्याकडे रांग लवकर सरकते, तो मावशी म्हणून हाक मारतो, खुर्ची देतो आणि फाइलचे एकेक पान उलगडून समजावतो. ओपीडीत सकाळच्या गर्दीत एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात.

गोळ्या चालू असलेल्या माणसाने फाइलमध्ये हिरवी खूण आली म्हणून त्या बंद करू नयेत. बंद केल्याच असतील तर डॉक्टर रागावतील म्हणून ते लपवू नये. फाइलही बरोबर आणावी. तीत काय लिहिले आहे यापेक्षा ती कोणत्या तारखेची आहे हे डॉक्टरला उपयोगी पडते. किती दिवस औषध सुटले, ते त्यावरून कळते.